तिथी पाहून निघा: कुत्र्यासह दापोली ते दिवेआगर, तंबूतले चार दिवस

कोकणात कुत्रा घेऊन तंबूत राहायला जायचं तर बुकिंग करण्याआधी कालनिर्णय उघडा. रविवार पाहू नका, तिथी पाहा. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब असा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती आणि सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला हाच हिशेब सव्वाअकरावर येतो. म्हणजे पौर्णिमेच्या आसपास भर दुपारी पाणी सुरूच्या बनापर्यंत चढलेलं असतं, आणि पहाटे व संध्याकाळी समुद्र दूर जाऊन घट्ट, ओली, थंड वाळू उघडी पडते. कुत्र्याला नेमक्या याच दोन वेळा हव्या असतात. अष्टमीला गणित उलटं होतं. सकाळ-संध्याकाळ पाणी वर असतं, चालायला मऊ कोरडी वाळूच उरते, आणि मोकळा किनारा मिळतो तो दुपारी बाराला, जेव्हा वाळूवर पाय टेकवत नाही. चांगली ठरवलेली सहल निव्वळ तिथी चुकल्यामुळे बिघडते, म्हणून ही गोष्ट सगळ्यात आधी.

महिने डिसेंबर आणि जानेवारी. दिवसाचं तापमान तिशीच्या आसपास, रात्री सोळा-अठरा. फेब्रुवारीच्या मध्यापासून दमट उकाडा सुरू होतो आणि दाट केसांच्या कुत्र्याला तंबू सोसत नाही. खालचं वेळापत्रक पौर्णिमेला निघण्याचं आहे. अमावास्येलाही भरतीचं गणित तेच, फक्त रात्री चांदणं नसतं.

निघण्याआधीचं

रेबीज आणि लेप्टोसह (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) एकत्रित लस झालेली हवी, आणि शेवटच्या डोसला तीन आठवडे उलटलेले हवेत. कोकणात भातखाचरं, गुरं, उंदीर आणि साचलेलं पाणी सगळं एकत्र असल्यामुळे लेप्टोची लस इथे सर्वात कामाची. गोचिडांसाठी मानेवर टाकायचे थेंब समुद्रात डुंबणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर नीट टिकत नाहीत. त्याऐवजी चघळायची गोळी डॉक्टरांकडून वजनानुसार घ्या, आणि ती निघण्याच्या तीन-चार दिवस आधी द्या. निघायच्या सकाळी नको, कारण गोळीने उलटी झाली तर गाडीतली की गोळीची हे कळत नाही.

दोन माणसं आणि वीस-पंचवीस किलोचा कुत्रा यांना तिघांचा तंबू कमी पडतो, चौघांचा घ्या. दोन्ही बाजूंना जाळी असलेला घ्या, एका बाजूच्या जाळीने हवा खेळत नाही. आठवडाभर आधी तो घरात किंवा गच्चीवर उभा करून कुत्र्याला आत जेवायला द्या आणि दोन रात्री आत झोपवा. ज्याने तंबू पूर्वी पाहिलेला नाही तो पहिल्या रात्री जाळी ओरबाडतो. नखं दोन दिवस आधी कापून घासून घ्या. तंबूच्या तळावर जाड सतरंजी घाला, प्लॅस्टिकची चटई घसरते.

बाकी सामान: छातीचा पट्टा, दीड मीटरची साखळी किंवा दोरी आणि पाच मीटरची लांब दोरी, दोन भांडी, चिमटा, थर्मामीटर, पोव्हिडोन आयोडीन, जाळीची पट्टी, जुने टॉवेल चार. पाणी वीस किलोच्या कुत्र्याला घरी दिवसाला लिटर-सव्वालिटर लागतं, किनाऱ्यावर त्याच्या दुप्पट धरा. अंग धुवायचं पाणी वेगळं. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन माणसांपुरतंच ठेवा, कुत्र्याला दोन्ही विषारी आहेत.

जिच्या आवारात तंबू लावायचा ती वाडी ठरवताना फोनवर नुसतं 'कुत्रा चालेल का' असं विचारू नका. त्यांचा स्वतःचा कुत्रा आहे का, कोंबड्या-मांजरं मोकळी असतात का, वाडीचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, सलग आहे की मध्ये तुटलाय, आणि तंबू कोणत्या झाडाखाली लागेल, हे चार प्रश्न विचारा. नारळाखाली तंबू लावायचाच नाही. नारळ पडतो, वाळलेली झावळी पडते, आणि झावळीचंही वजन काही किलो असतं. पोफळीखाली किंवा आंब्याखाली, नाहीतर अंगणात लावा. थेट पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, तंबू ठोकू नका. तिथे परवानगीचा प्रश्न आहे, पौर्णिमेची भरती आहे, रात्रीची भटकी कुत्री आहेत आणि कासवं आहेत. कासवांचं पुढे सांगतो.

पहिला दिवस: पुणे, ताम्हिणी, खेड, कर्दे

पहाटे पाचला निघायचं. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, पण कुत्र्यासह सात तास धरा. जेवण आदल्या रात्री आठपर्यंत, निम्मंच. सकाळी काही नाही, फक्त चार घोट पाणी. रिकाम्या पोटाने उपाशी राहिल्याचं वाईट वाटतं ते माणसांना. ताम्हिणीच्या वळणांवर भरल्या पोटी नेलेला कुत्रा मुळशी ओलांडायच्या आत लाळ गाळायला लागतो. गाडी लागण्याची खूण उलटी नाही, त्याआधीची आहे. तो सारखे ओठ चाटतो, जांभया देतो, गप्प होतो. तेवढ्यात थांबलात तर उलटी टळते. ज्याला नेहमीच गाडी लागते त्याच्यासाठी डॉक्टरांकडून गोळी लिहून आणा. ती निघण्याच्या किमान दोन तास आधी द्यायची असते.

पहिला थांबा मुळशीच्या अलीकडे, उजाडताना. दुसरा घाट उतरल्यावर. मध्ये घाटात, धबधब्यांच्या कठड्यांपाशी थांबू नका. तिथे माकडं खाण्यासाठी गाडीवर येतात आणि कुत्रा काचेला धडका देतो. काच चार बोटंच उघडी ठेवा. तोंड बाहेर काढून वारा खाणं कुत्र्याला आवडतं, पण डोळ्यात खडीचा कण गेला की सहल तिथेच संपते. छातीच्या पट्ट्याला सीटबेल्ट अडकवून मागच्या सीटवर बसवा.

माणगावला महामार्ग लागतो. महाड, पोलादपूर, मग कशेडीचा बोगदा आणि खेड. महाडहून आतल्या रस्त्याने मंडणगड-दापोलीला जाता येतं, नकाशावर ते जवळही दिसतं, पण वळणं जास्त. गाडी लागणाऱ्या कुत्र्यासाठी खेडचाच रस्ता बरा. नाश्त्याला थांबताना कुत्र्याला बंद गाडीत ठेवून सगळ्यांनी आत जायचं नाही. उन्हात उभ्या गाडीचं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी वाढतं, काच थोडी खाली असली तरी फारसा फरक पडत नाही. पाळीपाळीने जेवा.

दापोलीजवळच्या कर्द्याला बाराच्या सुमारास पोचता, म्हणजे भरती नुकतीच होऊन गेलेली असते. किनाऱ्याकडे बघूही नका. आधी कुत्र्याला दोरीवर वाडीची सबंध चक्कर द्या, गडग्याच्या कडेने, हुंगत हुंगत. घरचा कुत्रा असेल तर दोघांची भेट वाडीबाहेर रस्त्यावर घडवा, दोघं दोरीवर, समांतर चालत. दारात समोरासमोर आणलंत तर घरचा कुत्रा हद्द राखणारच. मग पाणी, सावली, आणि तासाभराने अर्धं जेवण.

तंबू ठोकताना वाळूमिश्रित मातीत साधे खिळे धरत नाहीत. पिशव्यांमध्ये वाळू भरून, दोरी बांधून, हातभर खोल आडव्या पुरा. कुत्र्याची दोरी तंबूच्या खांबाला किंवा खिळ्याला बांधू नका. मांजर दिसलं की वीस किलोचा झटका बसतो आणि काठ्या मोडतात. पोफळीच्या बुंध्याला जुना टॉवेल गुंडाळून त्यावरून बांधा. लांब दोरी दोन तंबूंच्या मध्ये येता कामा नये.

साडेचारनंतर पाणी उतरलेलं असतं. वाळूवर पंजाचा नाही, आपल्या हाताचा मागचा भाग सात सेकंद ठेवून पाहा. ठेववला तर चला. पहिल्या संध्याकाळी अर्धा तास पुरे, सगळा दोरीवर. समुद्र पहिल्यांदा पाहणारा कुत्रा लाटेवर भुंकतो, लाट चावायला जातो आणि तेवढ्यातच भरपूर खारं पाणी पितो. दहा-पंधरा मिनिटांनी बाजूला घेऊन गोडं पाणी पाजा. हे टाळलं तर रात्री तंबूत जुलाब, आणि फार प्यायला असेल तर उलट्या, तोल जाणं, झटके. तशी लक्षणं दिसली तर वाट न पाहता पशुवैद्याकडे.

सूर्य मावळला की कुत्रा किनाऱ्यावरून परत, आणि अंधार पडला की तंबूच्या आत. यात सूट नाही. कोकणात बिबट्या गावाच्या कडेने फिरतो आणि अंगणात बांधलेला कुत्रा त्याला सोपा सापडतो. दुसरं कारण फुरसं हा साप. रत्नागिरी जिल्ह्यात ते विपुल आहे, रात्री फिरतं, आणि जांभ्याच्या गडग्यात, गवताच्या व झावळ्यांच्या ढिगात राहतं. वीतभर लांबीचं दिसलं तरी विष जहाल. रात्री लघवीला नेताना छोटी दोरी आणि जोरदार बॅटरी, झाडून काढलेल्या अंगणातच. चावलंच तर सूज झपाट्याने चढते, हिरड्यांतून किंवा जखमेतून रक्त थांबत नाही. करकचून बांधू नका, चिरू नका, बर्फ लावू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला. सर्पविषावरची लस कुठल्या दवाखान्यात आहे याची चौकशी निघण्याआधीच करून ठेवायची. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे, तोही फोनमध्ये हवा.

दुसरा दिवस: कर्दे, मुरूड, हर्णे

प्रतिपदा. पूर्ण ओहोटी साडेसहाच्या आसपास, सूर्योदय सातला. सव्वासहाला निघा. कर्दे ते मुरूड सलग सपाट पुळण आहे आणि यावेळी ती घट्ट असते. जाऊन-येऊन तासभर चालणं हा या सहलीचा गाभा आहे, त्यासाठीच एवढं तिथीचं गणित. पाण्याच्या कडेने, ओल्या वाळूवरून चला. वरच्या कोरड्या वाळूच्या पट्ट्यात कुत्र्याला जाऊ देऊ नका.

याचं कारण ऑलिव्ह रिडले कासवं. नोव्हेंबर ते मार्च त्यांच्या माद्या रात्री दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यांवर येऊन, भरतीच्या रेषेच्या वर वाळूत हातभर खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना घेऊन ही घरटी वाचवली, आणि आता वनविभाग व गावोगावचे कासवमित्र पहाटे किनारा चालून घरटी शोधतात, अंडी जाळीच्या कुंपणात हलवतात. कोल्हे आणि कुत्री हे घरट्यांचे मोठे शत्रू. आपला कुत्रा शहाणा असेल, पण वास आला की तो उकरणारच, आणि वाळूवरचा मादीचा माग त्याच्या पावलांनी पुसला तर कासवमित्राला घरटं सापडत नाही. म्हणून या महिन्यांत किनाऱ्यावर कुत्रा कधीही मोकळा सोडायचा नाही. पाच मीटरच्या दोरीवर त्याला पुरेसं धावता येतं. माग दिसला तर लांबून वळसा घाला आणि गावात कळवा. कुत्र्याला मोकळं सोडता यावं म्हणून समुद्रावर जायचं असेल तर हे महिने आणि हे किनारे सोडा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ओहोटीच्या रेषेवर काय पडलेलं असतं ते बघत चला. रापणीतून, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यातून, फेकलेली मासळी वाळत असते. फुगून गोल होणारा केंड मासा मेल्यावरही विषारी असतो, एकच खाल्ला तरी कुत्रा लुळा पडतो. शिंगाळ्याचे काटे पंजात किंवा टाळूत आडवे घुसतात, ते ओढून निघत नाहीत. पाकटाच्या शेपटीचा काटा, तुटकी जाळी, गळ. किनाऱ्यावर आलेली जेलीफिश मेलेली दिसली तरी डंख मारते. तोंड लागलं तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने डंख वाढतो. 'सोड' ही आज्ञा घरी पक्की झालेली नसेल तर दोरी लहानच ठेवा.

भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या किनाऱ्याचे तुकडे वाटून घेतात. एका टोळीची हद्द संपते तिथे दुसरी सुरू होते, आणि प्रत्येक हद्दीवर तेच नाट्य घडतं. दगड उचलू नका, धावू नका. दोरी आखडून, कुत्र्याला समुद्राच्या बाजूला घेऊन, अर्धगोल वळसा घ्या. छत्री जवळ ठेवा. समोर फटकन उघडली की बहुतेक टोळ्या थबकतात.

साडेआठला परत. आधी गोड्या पाण्याने पाय, पोट, काखा धुवा, मग बोटांच्या मधली वाळू. ओल्या वाळूने तिथे दिवसभरात कातडी सोलते. कान कोरड्या फडक्याने पुसा, विशेषतः लोंबत्या कानांच्या कुत्र्यांचे. धुणं संपलं की जेवण, पण चालून आल्यावर धाप पूर्ण बसल्याशिवाय नाही.

जेवणाबद्दल थोडं. घरचं खाणं जसंच्या तसं न्या, सहलीत बदल नको. वाडीतल्या काकू प्रेमाने सुरमईचा काटा, रश्शातला भात, मोदक पुढे करतात. काट्याने घसा फाटतो, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी मोडतात. 'काकू, त्याला फक्त साधा भात आणि दही द्या' असं पहिल्या जेवणालाच सांगितलं की त्या आपणहून वेगळा भात काढतात.

अकरा ते चार कुत्रा सावलीत. तंबूत मात्र नको, दुपारी तंबू आतून तापतो. पडवी किंवा पोफळीखालची शिंपलेली जागा उत्तम. या वेळेत माणसांनी पाळीपाळीने बाहेर जावं. हर्णेचा मासळी लिलाव दुपारी चारच्या सुमारास रंगतो. तो आवर्जून पाहा, पण कुत्र्याशिवाय. गळ, मासळीची घाण, बर्फाचं खारं पाणी आणि तिथली सराईत कुत्री, यात पाहुण्या कुत्र्याला जागा नाही. डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्यांतही नको, कठडा बुटका असतो. शनिवार-रविवारी संध्याकाळी मुरूडच्या पुळणीवर घोडागाड्या आणि चारचाकी बाईक फिरतात. तेव्हा कर्द्याच्या बाजूलाच राहा.

उन्हाचा त्रास ओळखायचा तर जीभ पाहा. गर्द लाल, रुंद, बाहेर लोंबणारी, लाळ चिकट, चाल डगमगती. गुदद्वारातून तापमान घ्या. एरवी ते १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०५ गेलं की जीवावरचं आहे. साधं गार पाणी अंगभर ओता, पोटावर आणि मांड्यांवर जास्त, वारा घाला, आणि पारा १०३ ला आला की थांबवा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्यात उष्णता कोंडते. कुत्रा सावरला तरी डॉक्टरांना दाखवा. आतल्या अवयवांवरचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसतो.

तिसरा दिवस: आंजर्ले, केळशी, वेश्वीची फेरी, दिवेआगर

सकाळची ओहोटी सव्वासातला. छोटी चक्कर, मग तंबू काढा. दवाने ओला तंबू तसाच गुंडाळायचा नाही, अर्धा तास उन्हात टाका. गुंडाळताना घडीत गोचिडी दिसल्या तर तिथेच टिपा.

हर्णेहून खाडीवरच्या पुलाने आंजर्ले, पुढे केळशी, मांदिवली आणि बाणकोटच्या अलीकडे वेश्वी. रस्ता अरुंद, चढउताराचा. आंजर्ल्यात कड्यावरच्या गणपतीला जाताना एकाने कुत्र्याजवळ थांबावं. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या माळावर, उतरवलात तर जांभा तापण्याआधी. हा दगड खरखरीत असतो आणि दोन दिवस खाऱ्या पाण्याने मऊ झालेले तळवे त्यावर लगेच सोलतात.

वेश्वी ते बागमांडला फेरीबोट गाड्या घेऊन सावित्रीची खाडी ओलांडते. फेरीचं वेळापत्रक आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि दुपारची टाळा, लोखंडी फळी तापते. उतार पडताना मोठा आवाज होतो, म्हणून चढताना आणि उतरताना कुत्रा गाडीतच, काचा बंद. मध्ये काचा उघडा.

पलीकडे हरिहरेश्वर. मंदिरामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर कुत्रा नेऊ नये. देवस्थान आहेच, शिवाय लाट अचानक वर येते आणि खडकांवरची कालवं पंजे चिरतात. चिर पडलीच तर उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा, शिंपल्याचा तुकडा काढा, आयोडीन, जाळीची पट्टी, वर सुती मोजा. मोजा रात्री काढून ठेवा, दमट हवेत बांधलेला पंजा नासतो.

शेखाडीवरून समुद्राच्या कडेचा रस्ता थेट दिवेआगरला जातो. मुक्काम तिथल्या वाडीत. हा पट्टा सुपारीचा, श्रीवर्धनी रोठ्याचा, आणि याच दिवसांत अंगणभर सुपारी वाळत असते. ती कुत्र्याच्या पोटात जाता कामा नये. सुपारीतल्या अरेकोलिनने तोंडाला धार लागते, मग उलट्या आणि पातळ जुलाब. पूर्वी कुत्र्यांच्या पोटातले पट्टकृमी पाडायला हेच द्रव्य वापरत, इतकं ते आतड्यांवर जोरात काम करतं. खळ्यापासून तंबू लांब लावा. नारळाच्या सोडणाच्या शेंड्याही चघळायला देऊ नका, त्यांचा गोळा आतड्यात अडकतो.

चौथा दिवस: दिवेआगर, म्हसळा, पुणे

तृतीयेला ओहोटी आठच्या सुमारास, म्हणजे सात ते साडेआठ किनारा मोकळा. दिवेआगरलाही कासवं येतात, दोरीचा नियम तोच. परतल्यावर पूर्ण आंघोळ इथेच घाला. मीठ आणि वाळू घेऊन तो चार-पाच तास गाडीत बसला तर घरी पोचेपर्यंत खाजवून लाल होतो. आंघोळीनंतर अंग पूर्ण वाळू द्या. दहाला निघून म्हसळा, माणगाव, ताम्हिणी. सकाळचं जेवण पुन्हा वगळायचं, घरी पोचल्यावर द्यायचं.

गोचिडी शोधायला त्या रात्रीच बसा. कानाच्या आतली घडी, पापण्यांची कड, गळपट्ट्याखाली, काखा, जांघ, बोटांच्या मधोमध, शेपटीखाली. चिमट्याने कातडीला टेकून धरा आणि सरळ, सावकाश ओढा. तेल, रॉकेल, पेटती काडी यांनी गोचिड आतलं सगळं जखमेत ओकते. काढलेली स्पिरिटच्या बाटलीत टाका. पुढचे तीन आठवडे भूक आणि ताप यांवर लक्ष ठेवा. जेवण टाकलं, हिरड्या फिकट पडल्या, लघवी गडद झाली किंवा नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी रक्त तपासायला न्या, आणि डॉक्टरांना 'आम्ही कोकणात तंबूत राहून आलो' हे आपणहून सांगा. एर्लिकिया आणि बबेसिया या गोचिडतापांवर वेळेत औषध सुरू झालं तर कुत्रा बरा होतो.